फेट्याचं दुसरं टोक

कोल्हापूरच्या कलाकेंद्राचा मेसेज आला तेव्हा मी कणीक मळत होते. पिठाच्या हाताच्या करंगळीनं मोबाईल उघडला, वाचला आणि आनंदानं अशी किंकाळी फोडली की दुकानातून आमचे हे धावत आले. उचगावात आमचं जनावरांच्या पेंडीचं दुकान घराला लागूनच आहे. गिऱ्हाईक तसंच सोडून हे दारात उभे, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोण न्हाय गेलं. आपण चाललोय! यक्षगान बघायला, कर्नाटकात, समुद्राकाठी!"

"त्याला एवढं वरडायचं व्हय?" म्हणून हे परत पेंडीकडे गेले. आता ह्यांना काय सांगायचं! मी उभी नोकरी टेलिफोन ऑफिसात केली. लोकांचे ट्रंककॉल जोडून देताना कुठल्या कुठल्या गावांशी बोलले, कारवार काय, होन्नावर काय, मंगळूर काय, पण त्यातलं एकही गाव डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आणि इथे मोबाईलवर लिहून आलं होतं की देणगीदारांसाठी तीन दिवसांची सहल, कलावंतांच्या रंगपटात प्रवेश, आणि खास आपल्यासाठी दुपारचा प्रयोग. ओरडू नको तर काय करू?

निवृत्त झाले तेव्हा माझ्या मैत्रिणींनी पाटल्या केल्या. मी कलाकेंद्राला देणगी दिली आणि आश्रयदाती सभासद झाले. ह्यांनी तेव्हा माझी बरीच मापं काढली. "नाटकाला तिकीट असतंय की. देणगी कशापायी?" मी म्हटलं, तिकिटावर नाटक दिसतं, देणगीवर नाटकाची मागची बाजू दिसते. आणि खरंच दिसली. एकदा आम्हा देणगीदारांना प्रकाशयोजनेच्या खोलीत नेलं होतं. तिथल्या माणसानं मला एक दांडी हळूहळू वर सरकवायला सांगितली, आणि समोर रिकाम्या रंगमंचावर पहाट झाली. माझ्या बोटानं! घरी येऊन मी ती पहाट इतक्या वेळा सांगितली की हे शेवटी म्हणाले, "आता दुपार कर आणि जेवाय वाढ."

पण मग हेही अडकले, आणि अडकले ते फेट्यापायी. आमच्याकडे पाहुण्याचा सत्कार फेट्याशिवाय होत नाही. एका देणगीदार मेळाव्यात फेटा बांधणारा माणूस आलाच नाही. व्यासपीठावर सगळ्यांची पळापळ. माझ्या शेजारी नाइलाजानं येऊन बसलेले हे एकदम उठले आणि म्हणाले, "सरका, म्या बांधतो." ह्यांचं मूळ गाव नेसरी. पोरवयात कुस्तीसाठी कोल्हापूरच्या तालमीत आले, गुडघा गेला आणि कुस्ती सुटली, पण तालमीत शिकलेला फेटा हातात राहिला. त्या दिवशी पाहुण्याच्या डोक्यावर असा फेटा बसला की टाळ्या पाहुण्याला पडल्या की फेट्याला, ते कळेना. तेव्हापासून वर्षानुवर्षं कलाकेंद्राच्या प्रत्येक पाहुण्याला ह्यांनीच फेटा बांधला. मी देणगी देऊन सभासद झाले, ह्यांना मात्र सगळे जण ओळखायला लागले. मला त्याचा थोडा राग यायचा, थोडा अभिमान वाटायचा.

मग ह्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हात रिकामा असला की जास्त हलेल, कामात असला की कमी, असंही सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. हे हात खिशात घालून हिंडायला लागले आणि कुणाला काही कळलं नाही, ते थेट गेल्या वर्षी दिवाळीनंतर झालेल्या 'देणगीदारांची संध्याकाळ' ह्या वार्षिक कार्यक्रमापर्यंत.

त्या संध्याकाळी पाहुणे होते एक तबलावादक. फेट्याचं लांबलचक कापड बांधताना दुसरं टोक कुणीतरी धरून उभं राहावं लागतं. ते कमिटीतल्या एका सभासदानं धरलं होतं, पण त्यांचं सगळं लक्ष फोटोग्राफरकडे. कापड सैल पडलं, ह्यांचा हात लटलटायला लागला, आणि बांधून झालेला फेटा भाषणाच्या मध्यावर सुटून पाहुण्यांच्या डोळ्यांवर आला. लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. पाहुणेही हसले. हे मात्र विंगेत उभे होते, तिथून मला ह्यांचा चेहरा दिसला.

पुढच्या वेळी केंद्राच्या संचालक बाईंनी रेडीमेड फेटे आणले. आत टोपी, वर शिवून चिकटवलेलं कापड, नुसता डोक्यात घालायचा. बाई मनानं फार चांगल्या. ह्यांना म्हणाल्या, "काका, तुम्हाला आता त्रास नको. तुम्ही फक्त पाहुण्यांच्या डोक्यावर ठेवा." हे "बरं" म्हणाले. घरी येऊन एवढंच बोलले, "फेटा न्हवं त्यो. टोपी हाय." त्यानंतर ह्यांनी कलाकेंद्राचं नावच टाकलं. घरातल्या फेट्यांची घडी कपाटात वर, पार मागे गेली. मला ते सहन होईना. हाताचं मी मान्य केलं होतं. पण हा माणूस फेटा सोडून बसला, की त्याच्यातलं काय उरणार, ह्याची मला खरी भीती वाटत होती.

म्हणून सहलीला ह्यांना न्यायचंच, हे मी पिठाच्या हातानंच ठरवलं होतं. हे नाही म्हणाले. मी जेवायला वाढलं, पण बोलले नाही. हे दोन दिवसांत हो म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी मी कपाटातून गुलबक्षी रंगाचा फेटा काढला आणि माझ्या पिशवीत भाकरीच्या डब्याखाली घातला. वळून बघते तर हे दारात. सगळं पाहिलं होतं. मी म्हटलं, आता बोलणी खावी लागणार. पण हे वळले आणि चपला शोधायला लागले. फेटा काढून ठेव, असं म्हणाले नाहीत. मला तेवढंच पुरे होतं.

पहाटे बस निघाली. मागच्या सीटवर रेडीमेड फेट्यांचे खोके होते. कारण आमच्या केंद्राचा रिवाजच आहे, जिथे सहल जाईल तिथल्या कलावंतांना फेट्याचा मान द्यायचा. त्या खोक्यांकडे ह्यांनी एकदा बघितलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मी मात्र काय सांगू, नुसती उकळत होते! निपाणी गेली, बेळगाव गेलं, घाट लागला. झाडी इतकी दाट की बसमध्ये अंधारून आलं, आणि घाट उतरलो तसा अंगाला चिकट, खारट वारा. होन्नावरची पाटी दिसली तेव्हा मी उभीच राहिले. "होन्नावर! अहो, होन्नावर! ह्या गावाला मी किती कॉल लावलेत!" अख्खी बस हसली. पुढच्या सीटवर हुपरीचे चांदीवाले काका होते, आमच्यासारखेच देणगीदार. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून डबा सतत मांडीवर. ते मागे वळून म्हणाले, "ताई, गावाला आता तरी सांगा, लाईन जोडलीया म्हणून." काकांच्या घरात कन्नडही चालतं, म्हणून पूर्ण सहलीचे दुभाषी तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला रंगपटात नेलं. कौलारू लांबट खोली, लाकडी खांब, जमिनीवर चटया, आणि चटयांवर बसून माणसं आरशात बघत स्वतःचे चेहरे रंगवत होती. रंगाचा आणि खोबरेल तेलाचा वास. मी एकेकापुढे जाऊन बसत होते आणि सगळंच एकदम बघायचा प्रयत्न करत होते. एका तरुण पोराच्या गालावर तांबड्या-काळ्या रेघा उमटत होत्या आणि बघता बघता तो पोरगा जाऊन तिथे राजा बसला! मी टाळीच वाजवली. संचालक बाईंनी मला डोळ्यांनी दटावलं.

हे एका जागी थांबले होते, ते हलायला तयार नाहीत. तिथे एक वयस्क नट मुकुट बांधत होते. मुकुट म्हणजे तयार, डोक्यात घालायचा नव्हे. डोक्यावर आधी कापडाच्या वळकट्या रचायच्या आणि मग लाल कापडाची लांब पट्टी त्यांवर गुंडाळत, दाबत, ओढत तो मोठाच्या मोठा आकार उभा करायचा. रोज प्रयोगाआधी नव्यानं, रोज प्रयोगानंतर सोडायचा. पट्टीचं दुसरं टोक त्यांनी समोरच्या खांबाला बांधलं होतं. तिला ताण देत देत ते स्वतःच स्वतःच्या डोक्यावर गुंडाळत होते.

"इचारा की," हे चांदीवाल्या काकांना म्हणाले, "टोक धराय कोण माणूस न्हाय व्हय ह्यांच्याकडं?"

काकांनी कन्नडमध्ये विचारलं. नट आरशातूनच हसले आणि काहीतरी बोलले.

"म्हणत्यात, खांब बरा. खांब इकडं-तिकडं बघत न्हाय."

हे मोठ्यानं हसले. कितीतरी महिन्यांनी ह्यांचं ते गडगडाटी हसू मी ऐकलं. मग हे तिथेच मांडी घालून बसले, उजवा हात डाव्या हातात धरून, आणि मुकुट पुरा होईपर्यंत उठले नाहीत.

दुपारी प्रयोग. समोर आम्ही देणगीदार आणि गावातली थोडी माणसं. बाजूला गायक उभ्यानं गात होता आणि त्याच्या शेजारी एक उंच आवाजाचं ताशासारखं वाद्य असं कडाडायला लागलं की माझ्या छातीत ते वाजायला लागलं. भाषा एक अक्षर कळत नव्हती. चांदीवाले काका कुजबुजत होते, "आता ह्यो एकटा लढाईला निघालाय... आता ह्येला घेरत्यात..." पण सांगायची गरजच नव्हती. सकाळचे ते वयस्क नट आता तरुण योद्धा होऊन आले होते. ते उडी मारून मध्यभागी आले, दोन्ही गुडघे जमिनीवर टेकले, आणि गुडघ्यांवरच गरगर फिरायला लागले. फिरतायत, फिरतायत, ताशाची लय वाढतेय, मुकुट जराही ढळत नाही!

हे माझा दंड दाबून म्हणाले, "अगं, ह्यो गडी माझ्या वयाचा हाय. आणि गुडघ्यावर फिरतोय. गुडघ्यावर!" ज्या माणसाची कुस्ती गुडघ्यानं खाल्ली, त्याला ते बघून काय झालं असेल, ते मला त्या दाबण्यातून कळलं. दंड दुखला. मी हात काढला नाही.

आणि पुढे जे झालं ते फक्त आमच्या कोल्हापूरच्या माणसाकडूनच होऊ शकतं. कुस्तीच्या मैदानात पैलवानानं डाव मारला की कुणी सोहळ्याची वाट बघत नाही. माणूस उठतो, थेट मातीच्या हौद्यात उतरतो आणि तिथल्या तिथे त्याचा मान करतो. आमच्या ह्यांना मैदान आणि रंगमंच यांत त्या क्षणी फरकच राहिला नाही. ह्यांनी माझ्या पायाजवळच्या पिशवीत हात घातला, भाकरीचा डबा बाजूला फेकला, गुलबक्षी फेटा ओढून काढला आणि "शाब्बास रं वाघा!" अशी आरोळी ठोकून सरळ रंगमंचावर चढले. लढाईच्या ऐन मध्यात.

गाणं थांबलं. ताशा थांबला. संचालक बाई अर्ध्या उठून "काका, काका, प्लीज" करायला लागल्या. मी डोळे मिटून घेणार होते, पण मिटले नाहीत. खरं सांगते, मला हसू येत होतं आणि अंगावर काटा येत होता. हे योद्ध्यासमोर उभे, दोन्ही हातांवर फेटा. मग ह्यांची नजर वर त्या भल्यामोठ्या मुकुटावर गेली.

"आयला," हे म्हणाले, "ह्येच्या डोक्यावर जागाच न्हाय की!"

गावची माणसंसुद्धा हसली, भाषा न कळता. ते नट मात्र हसले नाहीत. त्यांनी योद्ध्याच्याच तोऱ्यात फेट्याला हात लावला, तो हात डोळ्यांना लावला आणि जमिनीकडे बोट केलं. थांबा, असं. मग मान हलवली, ताशा पुन्हा कडाडला, आणि लढाई सुरू झाली.

हे येऊन बसले. फेटा मांडीवर. आणि मांडीवरच्या फेट्यावर उजवा हात थडथड उडायला लागला. वर चढताना हे आपला हात विसरले होते. आता आठवला.

"मी काय करून बसलो गं," हे हळू म्हणाले. "आता बांधाय लागंल. सगळ्यांच्या म्होरं."

"मग बांधा की," मी म्हटलं.

प्रयोग संपला. नट मुकुट सोडून, रंगवलेल्या चेहऱ्यानं, बोडक्या डोक्यानं बाहेर आले आणि स्टुलावर बसले. हे पुढे झाले. टोक धरायला संचालक बाईच आल्या, पण त्यांच्या एका हातात रेडीमेड फेटा होता, अडचणीला असावा म्हणून. त्यांच्याकडून तरी कापड एका हातानं किती ताणलं जाणार! पहिला वेढा सुटला. ह्यांनी पुन्हा घातला. पुन्हा सुटला. हात इतका हलत होता की कापडावर लाटा उठत होत्या. बाई अगदी मायेनं म्हणाल्या, "काका, हा घालू या का? छान दिसेल." आणि तो रेडीमेड फेटा पुढे केला.

ह्यांनी तो घेतला असता. मी ह्यांना ओळखते, घेतला असता, नटाच्या डोक्यावर ठेवला असता आणि आयुष्यात परत फेट्याला शिवले नसते. मी कधी उठले, कधी रंगमंचावर गेले, मला आठवत नाही. बाईंच्या हातातलं कापडाचं टोक मी हिसकावूनच घेतलं. "बाई, सरका तुम्ही," म्हटलं. टोक मनगटाला गुंडाळलं आणि मागे मागे जात जात रंगमंचाच्या खांबाला पाठ लावून उभी राहिले. कापड तारेसारखं ताणलं गेलं.

स्टुलावरचे नट ह्यांच्या हाताकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या मागच्या खांबाकडे बघितलं, आणि पांढऱ्या-तांबड्या रंगातून हसले. उठून उभे राहिले. कन्नडमध्ये काहीतरी बोलले.

चांदीवाले काका खालून ओरडले, "दाजी, ते म्हणत्यात, तुमी नुसतं धरा! ते फिरत्यात!"

ताशावाल्यानं हलकेच लय धरली. नट जागच्या जागी, सावकाश, फिरायला लागले. ताणलेलं कापड ह्यांच्या दोन्ही हातांतून सरकत त्यांच्या डोक्यावर चढायला लागलं. ह्यांच्या हाताला आता फक्त कापडाला दिशा द्यायची होती, पीळ द्यायचा होता, आणि कापडाच्या ओढीत तो हात स्थिर झाला. मला लांबूनही दिसलं. स्थिर! एक वेढा, त्यावर तिरका दुसरा, कपाळावर कडा चोख. "वड गं!" हे माझ्यावर खेकसले, पूर्वीसारखे. मी ओढलं. नट फिरत होते, कापड संपत होतं, आणि मी एकेक पाऊल पुढे येत होते. शेवटी मी ह्यांच्या अगदी जवळ पोचले, आणि हातात उरला फक्त पाठीवर सोडायचा शेमला.

तुरा जरा डावीकडे झुकला. तो बोटांनी उलगडायचा असतो, तिथे ओढ नसते. पण फेटा! नटांनी मान गदागदा हलवून बघितली, मग एक गिरकी घेतली, मग चक्क गुडघ्यांवर बसून गरगर फिरून दाखवलं. फेटा तसूभर हलला नाही. आमच्या ह्यांनी त्या भरल्या रंगमंचावर मांडीवर असा खणखणीत शड्डू ठोकला की बाई दचकल्या. लोक उठून टाळ्या वाजवत होते. मी रडत होते आणि हसत होते आणि नाक पुसायला पदर सापडत नव्हता.

परतीच्या प्रवासात रेडीमेड फेटे खोक्यांत जसेच्या तसे होते. हे बसमध्ये गप्प नव्हते, पार बेळगावपर्यंत चांदीवाल्या काकांना गुडघ्याचं सांगत होते. हात मांडीवर हलत होता. खिशात घातला नव्हता.

ह्या वर्षीच्या देणगीदारांच्या संध्याकाळी पाहुणे होते एक मोठे साहेब. कोट, टाय, गंभीर चेहरा. व्यासपीठावर ते खुर्चीत बसायला लागले तसे हे म्हणाले, "बसू नगा. हुबं ऱ्हावा." मी कापडाचं टोक मनगटाला गुंडाळून विंगेतल्या खांबाशी गेले. साहेबांना काही कळेना, ते बाईंकडे बघायला लागले. बाई तोंडावर रुमाल धरून हसत होत्या.

"फिरा की, पावणं," हे म्हणाले.

साहेब बिचारे कोटाची बटणं सावरत फिरायला लागले. नाट्यगृहात पहिल्यांदा हसू आणि मग ठेक्यात टाळ्या. ह्या दिवाळीपासून गोळ्या वाढल्यात, हात आता पूर्वीपेक्षा जास्त हलतो, आणि पुढच्या वर्षी काय, ते डॉक्टरही सांगत नाहीत. पण कापड ताणलेलं होतं आणि त्यावर ह्यांचे दोन्ही हात शांत होते. हे माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वड," आणि मी ओढलं.